धोंड्याची अंगठी

आमच्या गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजणार, हे त्या घरच्या माणसांच्या आधी गीताबाईला कळतं. कारण साधं आहे. दिंद्रुड गावाच्या या अंगाला पिठाची गिरणी तिची एकटीची. डबा आला की झाकण काढायचं, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, फुंकर मारायची आणि त्या घराचा मनातल्या मनात निकाल लावून टाकायचा. ज्वारीच्या जागी नुसता गहू यायला लागला, की घरात पैसा आला. हरभऱ्याची डाळ आली, की पाहुणे येणार. दर आठवड्याला येणारी बाई पंधरा दिवसांनी अर्धाच डबा घेऊन आली, तर गीताबाई काही विचारत नसे. तिचं दळण गुपचूप रांगेतून पुढे घ्यायची. असं तिचं मन मोठं. फक्त एका डब्यापाशी आलं की ते सुपारीएवढं व्हायचं.

तो डबा वनमालेचा.

वनमाला ही गीताबाईची धाकटी जाऊ. रामेश्वर आणि तानाजी सख्खे भाऊ, घरं एकमेकांना लागून. वाटणी झाली तेव्हा जमीन सारखी, घर सारखं, तांब्याचे हंडेसुद्धा सारखे. थोरल्या रामेश्वरची बायको गीताबाई, धाकट्या तानाजीची वनमाला. पुढे तानाजीनं जेसीबी घेतला. शेततळी खोदली, रस्त्यांची कामं धरली, आणि बघता बघता त्याच्या घरावर दुसरा मजला चढला. रामेश्वर कापूस आणि सोयाबीन करत राहिला. त्यात वाईट काही नव्हतं, पण कापसानं घरावर मजला चढत नाही.

"हिला भाकरी म्या शिकवली," गीताबाई मला दर दोन दिवसांनी सांगायची. "लग्न होऊन आली तवा परातीम्होरं बसून रडायची. पीठ हाताला चिकटायचं हिच्या. आन आता भाकऱ्याला बाई लावलीय!"

"असू दे की," मी म्हणायची. "तिचं तिच्यापाशी."

"असू दे कसं? हात मोडलेत का तिचे?"

मी अंगणवाडीत काम करते. दुपारी सुटले की दळणाच्या निमित्तानं गिरणीत जाऊन बसते. माझ्या मानधनात कोणी जळावं असं काही नाही, म्हणून गीताबाईचं माझ्याशी छान जमतं. वनमालेच्या घरून येणारा गहू मध्य प्रदेशचा, लांबट सोनेरी दाण्याचा. तो तळहातावर घेऊन गीताबाई उभी राहिली की मी दुसरीकडे बघायची. त्या गव्हानं हिचं काय वाकडं केलं होतं कोणास ठाऊक, पण तो दळताना ती जातं थोडं जास्तच घट्ट आवळायची.

नुसती जळून गप्प बसली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण वनमालेनं एखादी वस्तू आणली की महिन्याभरात ती गीताबाईच्या घरी यायचीच. वनमालेनं ओट्यावर काळा दगड बसवला, हिनं बसवला. वनमालेनं दोन दारांचा फ्रिज घेतला, हिनं हप्त्यानं घेतला. गीताबाईच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि हिरव्या मिरच्या यांच्याशिवाय काही नसायचं, पण दारं दोन होती.

महिनाअखेर तोंडाशी आली की नवरा-बायकोचं वाजायचं. गीताबाईचं म्हणणं एकच, महागाई. तेल बघा, तूरडाळ बघा, गॅस बघा, गिरणीचं लाइट बिल बघा. तिनं दळणाचा दर एक रुपयानं वाढवला तेव्हा बायकांनी तिलाच महागाईवरून बोल लावले होते, तर ती दोन दिवस तणतणत होती. रामेश्वर स्वभावानं थंड. तंबाखू मळत ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "महागाई समद्यांनाच हाय. आपल्याला महागाईपरीस वनमाला महाग पडती."

हे ऐकलं की गीताबाई पातेलं आपटायची. खरं सांगायचं तर दोघंही खरंच बोलत होते. डाळ महाग झालीच होती. पण डाळीसाठी कोणी हप्ता भरत नाही.

यंदा मात्र गीताबाईनं मनाला लगाम घातला होता, आणि त्याला कारण होतं तिची मोहिनी. एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी माजलगावला दिलेली. जावई सत्यम खताच्या दुकानात कामाला. पोरगा गरीब गाईसारखा, मान वर करून बोलत नाही. उन्हाळा लागता लागता कळलं की मोहिनीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी. पंचमीला आणायची आणि बाळ सव्वा महिन्याचं झालं की पाठवायची, असं गीताबाईनं ठरवूनही टाकलं. डिंक, खारीक, बाळंतविडा, दवाखाना, सगळं गिरणीच्या जिवावर होणार होतं. रामेश्वरच्या शेतातलं जे यायचं ते दिवाळीच्या पुढे.

आणि गिरणीची मोटार धापा टाकत होती. जळलेल्या मोटारीत नवी तार भरून देणारा मुबीन येऊन तिला हात लावून गेला. चटका बसला तसा हात मागे घेत म्हणाला, "काकी, हिला किती डाव भरायची? आता हिच्यात दम न्हाई ऱ्हायला. कधी बी बसंल. नवी घेऊन टाका."

आमची बायकांची भिशी आहे. गीताबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, मोहिनीच्या बाळंतपणाच्या आधी मला नवी मोटार बसवायचीय, एवढा नंबर मला द्या. सगळ्यांनी दिला. ज्या वनमालेचा नंबर होता तिनंच सोडला. "घ्या अक्का, मला काय गडबड न्हाई," म्हणाली. आता यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? पण घरी येताना गीताबाई मला म्हणाली, "बघितलं का, गडबड न्हाई म्हणे. आमी गडबडीचे."

असो. पैसे आले, मोटार बघून ठेवली, आणि नेमका धोंड्याचा महिना आला.

दर तीन वर्षांनी येणारा अधिक महिना आमच्याकडे जावयाचा. जावई म्हणजे त्या महिन्यापुरता विष्णू. त्याला जोडीनं बोलवायचं, पुरणाचे धोंडे घालून जेवू घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, वर दिवा लावायचा, कपडे करायचे. पूर्वी वाण तांब्याच्या ताटलीत देत. मग पितळेची आली, मग चांदीची. आणि आणखी एक रीत अशी की जावई एका घराचा नसतो. सगळ्या भावकीचा असतो. चुलत सासूनंही त्याला बोलवून जेवू घालायचं असतं.

वनमालेची राजनंदिनी चाकणला दिलेली, नवरा कंपनीत. त्या दोघांना सुट्टी एका रविवारची. वनमालेनं त्याच दिवशी सत्यमला आणि मोहिनीलाही बोलावलं. दोन्ही जावई एका पंगतीला. गीताबाईला थोरली म्हणून अगत्यानं बोलावलं, आम्ही शेजारणी होतोच.

दोन पाट, दोन रांगोळ्या. वनमाला आतून वाण घेऊन आली. पहिलं ताट तिच्या जावयापुढे ठेवलं, चांदीचं, मोठं. बायकांच्या भुवया वर गेल्या. यंदा चांदीचा भाव कुठे गेलाय हे सगळ्यांना माहीत होतं. मी गीताबाईकडे बघितलं. ती बेतानं हसत होती, कारण हे तिला अपेक्षितच होतं. मग वनमालेनं दुसरं ताट आणलं आणि सत्यमपुढे ठेवलं. तेही चांदीचं. तेवढंच मोठं. जराही डावं-उजवं नाही.

"काय बाई मन!" कोणीतरी म्हणालं. "पुतणीच्या नवऱ्याला बी सारखंच." मग एकीनं सुरू केलं की दुसरी मागे राहत नाही. वनमालेच्या मोठेपणाचं कौतुक गोड शिऱ्यासारखं पंगतीभर फिरलं. सत्यम खाली मान घालून बसला होता, त्याचे कान लाल झाले होते. मोहिनीनं काकूला वाकून नमस्कार केला, तर वनमालेनं तिला अर्ध्यातूनच वर घेतलं आणि जवळ धरलं.

गीताबाई तेव्हाही हसत होती. पण तिच्या ताटातला धोंडा तसाच राहिला.

बाहेर पडल्यावर ती माझ्यावरच खेकसली. "माझ्या जावयाला मोठेपणा दाखवनारी ही कोन? तिच्या जावयाला सोन्यानं मढीव म्हणावं, माझ्याला कावून? आता म्या दिलं तर त्याला वाटंल, चुलत सासूनं चांदी दिली आन सख्खीनं तांबं."

"सत्यमला असं वाटायचं न्हाई," मी म्हणाले. "आन तुझे अनारसे असतात की. तिनं माजलगावहून विकत आणलेत, दगड हायत नुसते."

हे मी बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते. गीताबाईच्या हातचे अनारसे म्हणजे आमच्या गल्लीचं भूषण. तुपात सोडला की जाळी पडते आणि तोंडात विरघळतो. लग्नकार्यात लांबून बायका तिला बोलवायला येतात. त्या एका गोष्टीत वनमाला जन्मात तिच्या पासंगाला पुरली नसती. पण आपल्याकडे जे आहे त्यावर गीताबाईचा डोळा कधी गेलाच नाही. तिला दिसायचं ते भिंतीपलीकडचं.

रामेश्वरनं समजावून बघितलं. "धोतरजोडी दे, तांब्याची ताटली दे, पोटभर जेवू घाल. पोराला आपली परिस्थिती ठावं हाय."

"परिस्थिती, परिस्थिती! लोकाला दिसती का परिस्थिती? ताट दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच माजलगावला गेली. सराफाच्या पायऱ्या चढली तेव्हा भिशीचे पैसे तिच्या पिशवीत होते. चांदीच्या ताटाला चांदीचं ताट दिलं असतं तर ती बरोबरी झाली असती, आणि बरोबरीनं तिचं भागणार नव्हतं. तिनं सोन्याची अंगठी घेतली. शिवाय वनमालेच्या जावयाला परत वाण धाडायला हवं, म्हणून चांदीचं निरांजन. भावानं तिचे डोळे पांढरे झाले, हे तिनं मला नंतर सांगितलं. पण घेतल्याशिवाय ती पायऱ्या उतरली नाही.

"आन मोटार?" मी विचारलं.

"मोटार चालतीय की अजून. मुबीन काय, त्याला धंदा पाहिजे म्हणून भेव दाखवतो."

तिचा धोंडा झाला तो दिवस मात्र तिचा होता, हे कबूल केलंच पाहिजे. अनारसे असे उतरले होते की बघत राहावं. ताटली पितळेची होती, पण वरच्या अनारशावर अंगठी ठेवली होती आणि दिव्याच्या उजेडात ती चमकत होती. गीताबाईनं ती स्वतः सत्यमच्या बोटात घातली. तो "मामी, कशाला, मामी, नको" म्हणत मागे सरत होता आणि मोहिनी आईकडे एकटक बघत होती. तिच्या नजरेत कौतुक नव्हतं. ते मला दिसलं, गीताबाईला नाही. ती बायकांकडे बघत होती. बायका वनमालेकडे बघत होत्या.

वनमालेनं अंगठी निरखली. "लई छान घेतली अक्का," ती म्हणाली. "आमच्या सत्यमच्या बोटाला शोभती."

झालं. आमच्या सत्यमच्या! एवढा खर्च करून मिळालेला आनंद त्या दोन शब्दांनी अर्धा झाला. संध्याकाळी भांडी घासताना गीताबाई पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. "आमचा म्हणे. हिचा कवापासून झाला?"

मोटार बसली ती पेरण्या सुरू झाल्या त्या आठवड्यात. दुपारची वेळ होती, माझं दळण अर्ध्यावर होतं. आधी आवाज बदलला, मग जळका वास आला, मग पट्टा नुसता थरथरून थांबला. गीताबाईनं बटण बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. मुबीननं येऊन खोलून बघितली आणि झाकण परत लावलं. आत भरण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

रांगेतले डबे बायका एकेक करून घेऊन गेल्या, एसटी स्टँडजवळच्या गिरणीवर. कोणी टोमणा मारला नाही. भिशीचे पैसे कशासाठी घेतले होते आणि कुठे गेले, हे मात्र प्रत्येकीला माहीत होतं. रामेश्वरजवळचं होतं नव्हतं ते बियाणं-खतात गेलेलं. तो ओट्यावर तंबाखू मळत बसून राहिला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर गीताबाईला बरं वाटलं असतं.

दोन-तीन दिवसांनी मी उरलेलं दळण न्यायला गेले, तेव्हा सत्यम आला होता. त्याला मी असा पहिल्यांदाच बघितला, काहीतरी ठरवून आलेला. बंद मोटारीजवळ उभा राहून त्यानं बोटातली अंगठी काढली आणि गीताबाईपुढे धरली.

"मामी, ही ठेवा. मोडा आन मोटार बसवा. माझ्या बोटात असली काय, नसली काय."

गीताबाईचे डोळे भरून आले. खोटं नाही, मी बघितलं. हात पुढे झाला होता तिचा. बोटं अंगठीला लागलीसुद्धा होती. तेवढ्यात गिरणीच्या दारात सावली पडली. वनमाला होती, हातात झाकलेली वाटी. जावई आलेला कळला म्हणून काही गोडाचं घेऊन आली असावी.

"काय झालं अक्का?" तिनं विचारलं. तिची नजर अंगठीवर.

गीताबाईचा हात जागच्या जागी वळला. तिनं अंगठी उचलली आणि सत्यमच्या बोटात परत घातली, दाबून, पेरापर्यंत. मग नको तेवढ्या मोठ्यानं हसली. "काय न्हाई गं. जावईबापू थट्टा करतेत. मोटार गेली म्हणून सासूचा कळवळा आला. त्यांना म्हणलं, मोटार कवाच सांगितलीय, येईल पंधरा दिसात. आपल्याला काय कमी हाय?"

"मामी..." सत्यम म्हणाला.

"चहा घेऊन जावा," गीताबाई म्हणाली.

वनमाला वाटी ठेवून गेली. सत्यमनं चहा अर्धा घेतला आणि तोही गेला. मी गीताबाईला म्हणाले, "बाई, हे काय केलंस?" तर ती माझ्याकडे न बघता जात्यावरचं पीठ झटकत राहिली. "तिच्याम्होरं घिऊ व्हय? जन्मभर सांगत फिरली असती, जावयाची अंगठी काढून घेतली म्हणून."

एकदा असं बोलून बसल्यावर पुढचे रस्ते आपोआप बंद झाले. त्या महिन्यात भिशीच्या बायकांनी विचारलं होतं, गीताबाईची अडचण आहे, नंबर फिरवून तिला पुन्हा द्यायचा का? वनमालेनंच सांगितलं, अक्काची मोटार येतीय, त्यांना गरज नाही. तिनं ते साध्या मनानं सांगितलं, कारण तिला तसंच सांगितलं गेलं होतं. गीताबाईनं ऐकलं आणि मान हलवली. रामेश्वरनं भावाकडे मागू का विचारलं, तर ती म्हणाली, मागितलंत तर मी विहीर जवळ करीन. पंधरा दिवस गेले, महिना गेला. कोणी विचारलं तर मोटार येतच होती.

मग ती खुरपायला जाऊ लागली. लांबच्या रानात, ओळखीचं कोणी भेटणार नाही अशा बाजूला. सकाळी डबा बांधून निघायची आणि आम्हाला सांगायची, आपल्याच शेतात चाललेय. हात बघितले की कळायचं. मोहिनी पंचमीला आली तेव्हा घरात दिवसभर कोणी नसायचं. पोरगी पोट सांभाळत बंद गिरणीच्या दारात बसलेली असायची. दुपारी वनमाला भिंतीवरून हाक मारायची, ये इकडे, जेवायला बस. मोहिनी जायची. संध्याकाळी गीताबाई घरी येऊन विचारायची, "आज काय केलतं तिनं?" आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा उतरायचा.

पोळा झाल्यावर एका सकाळी मोहिनीला कळा सुरू झाल्या. गीताबाई रानात गेलेली. वनमालेनं तानाजीला गाडी काढायला लावली, रामेश्वरला बसवलं आणि थेट माजलगाव. गीताबाईला निरोप पोचून ती एसटीनं दवाखान्यात गेली, तोवर पोट कापून मुलगी झाली होती. सत्यम दुकानातून येऊन पोचायच्या आत काउंटरवर तानाजीनं सही करून पैसे भरले होते. बाळ दुपट्यात गुंडाळलेलं वनमालेच्या मांडीवर होतं.

"घ्या अक्का," वनमाला म्हणाली आणि बाळ पुढे केलं.

गीताबाईच्या हाताला खुरप्याची माती तशीच होती. ती हात धुवायला गेली. परत आली तेव्हा नर्सनं बाळ आत नेलं होतं.

दवाखान्यातून सोडायच्या दिवशी खरा प्रश्न आला. मोहिनीला कुठे न्यायचं? वनमाला म्हणाली, "आमच्याकडं आनू. न्हाणीघर आतच हाय, गरम पानी हाय. टाके हायत पोरीला. आन अक्का, रागावू नका, तुमी दिवसभर रानात. हिच्याजवळ कोन?"

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. मोटारीचंही, खुरपण्याचंही. गीताबाईचा चेहरा कोणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला. तिनं मोहिनीकडे बघितलं. लेकीनं नको म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. मोहिनी खाली बघत म्हणाली, "काकूकडं बरं पडंल, आई."

तिला घरी आणल्याला आठवडा झाल्यावर मी बाळंतिणीला बघायला गेले. वनमालेच्या घरी मधल्या खोलीत पलंग टाकला होता, पंखा हळू लावला होता, कोपऱ्यात धूप. गीताबाई पलंगाशेजारी खाली बसली होती. रोज रानातून येऊन तिथे बसायची. पण पाहुणीसारखी, पदर सावरून, कशाला हात न लावता. तिचे डोळे खोलीभर फिरत होते. पडदे, गिझर, बाळाची मच्छरदाणी. नातीकडे कमी आणि मच्छरदाणीकडे जास्त बघत होती ती.

"किती घेतली असंल गं ही?" तिनं मला हळूच विचारलं.

मोहिनीनं ऐकलं. "आई, तू काकूवर एवढी कावून जळती? तिनं तुझं काय घेतलं?"

मला उठून जावंसं वाटलं. गीताबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग एकदम बोलली, आवाज न चढवता. "माझी पोरगी घेतली. बाळंतपन माझ्या घरचं व्हतं. तिनं नेलं. तिच्याकडं समदं हाय, तरी तिला हे बी लागलं."

मोहिनीनं बाळाचं टोपडं नीट केलं.

"मला तुझ्याच घरी यायचं व्हतं," ती म्हणाली. "अंगठी घेऊन त्यांना मीच धाडलं व्हतं. ते म्हणाले, दिलेली वस्तू परत कशी द्यायची, मामीला वाईट वाटंल. म्या भांडून धाडलं. गिरणी सुरू झाली की आई घरी ऱ्हाईल, माझ्याजवळ बसंल, एवढंच डोक्यात व्हतं माझ्या. तू ती परत त्यांच्या बोटात घातली."

"मला काय ठावं तू धाडलं म्हणून?"

"काकू दारात आली नसती, तर ठिवून घेतली असती का न्हाई?"

गीताबाई पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळायला लागली. उत्तर तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी त्या वेळी तिथेच होते.

तेवढ्यात वनमाला आत आली. हळिवाची खीर, वाटी काठोकाठ, वर तूप तरंगत होतं. सगळ्या खोलीत वास दरवळला. ती मोहिनीजवळ जायच्या आत गीताबाईनं हात पुढे करून वाटी आपल्याकडे घेतली. चमच्यानं ढवळली, थोडी जिभेला लावून बघितली. मला वाटलं, आता ती लेकीला भरवेल. दोघींमधलं सगळं एका घासात निवळलं असतं.

"हळीव कच्चं ऱ्हायलंय," गीताबाई म्हणाली. "आमच्याकडं बाळंतिणीला असलं देत न्हाईत."

 वनमाला पदरानं हात पुसत उभी राहिली. मोहिनीनं आईच्या हातातली वाटी काढून घेतली आणि काकूकडे दिली. मग उशीला टेकून बसली, तोंड उघडलं, आणि वनमालेच्या हातून एकेक चमचा करत सगळी खीर खाल्ली. गीताबाई पलंगाच्या कडेला बसून होती. शेवटचा चमचा होईपर्यंत तिनं लेकीच्या तोंडावरून नजर काढली नाही.